कार्ड नाय तर व्याही पण नाय

आमच्या सूनबायची कंपनी हाय. कसली कंपनी, असं कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. पोलादपूरच्या एसटी स्टँडवर उभं राहून मी कितीतरी लोकांना समजावलंय आणि एकाला पण समजलेलं नाय, कारण सांगणाऱ्यालाच नीट समजलेलं नाय.

पण माझ्या डोक्यात जेवढं शिरलं तेवढं सांगतो. मोठमोठ्या कंपन्या हल्ली आपला कारभार आपल्या कंप्युटरवर ठेवत नायत. लांब कुठंतरी दुसऱ्याचे मोठे कंप्युटर असतात, ते भाड्यानं घेतात, त्याला क्लाऊड बोलतात. ढगावरून जे काय विनोद होऊ शकतात ते आमच्या गावात सगळे करून झालेत, मी पुन्हा करत नाय. तर त्या भाड्याच्या जागेत कुणाचं कुठलं दार उघडं राहिलंय, कोण नको तो आत शिरलाय, ते पकडणारं सॉफ्टवेअर सूनबाय बनवते. म्हणजे राखणदारीच की. जगभरच्या दारांची राखणदारी. आणि तिच्या स्वतःच्या दारावर राखणदार कोण? मी. चौथीत तीनदा बसलेला.

आता तुम्हाला कळलं असेल घोळ कुठं झाला.

सुरवात आमच्या घरातच झाली. सूनबाय पुण्याला नोकरीला होती. नात झाली तेव्हा पोलादपूरला आली आणि घरूनच काम करायला लागली. मुलगा महाडच्या एमआयडीसीत शिफ्टला, म्हणून तिला पण इकडंच बरं वाटायचं. तिच्या कॉलेजातला एक मित्र होता, महाडच्या ट्रान्सपोर्टवाल्या शेठचा मुलगा. ह्याच शेठचा ट्रक मी आयुष्यभर आंबेनळी घाटातून वरखाली केला. हा पोरगा लहान होता तेव्हा माझ्या केबिनमध्ये बसून हॉर्न वाजवायचा. आता तो आणि सूनबाय दोघं मिळून आमच्या ओटीवर बसले आणि लॅपटॉप उघडून दिवसभर गप्प. मला वाटलं भांडलेत. मी मधे जाऊन समेट करायला लागलो. सूनबाय बोलली, "बाबा, आम्ही काम करतोय."

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते शेठच्या मुलाच्या मामामुळं. मामा आखातात एका कोल्ड स्टोरेजच्या कंपनीत. त्यांच्या कंपनीचा कारभार कोणीतरी बाहेरून बसून वाचत होता आणि त्यांना पत्ताच नाय. ह्या दोघांनी आमच्या ओटीवर बसून, माझ्या बायकोच्या हातचे घावणे खात, तो चोर शोधला. मामाच्या कंपनीनं दुसऱ्या कंपनीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. मग कामाला पोरं लागली. पोलादपूरचं एक, महाडच्या मोहल्ल्यातल्या दोन पोरी, वरच्या वाडीतला एक, ज्याच्या घरी अजून गुरं राखायला माणूस लागतो. ओटी पुरेना. बायको बोलली, "आता माझ्या चुलीवर बसणार काय हे?" तेव्हा शेठनं महाडच्या आपल्या गोडाऊनचा वरचा मजला दिला.

खाली ट्रक भरतायत, वर सॉफ्टवेअर. परदेशातल्या लोकांशी पहिली मोठी मीटिंग चालू होती आणि खाली एक ट्रक रिव्हर्समध्ये लागला. त्याच्या रिव्हर्सला आरतीची धून. तिकडचा साहेब विचारायला लागला, हे काय वाजतंय? शेठचा मुलगा एकदम गंभीर तोंड करून बोलला, आमची अलार्म सिस्टीम चेक चाललीय. साहेब खूष झाला म्हणे. पुढच्या पावसात पुराचं पाणी जिन्याच्या अर्ध्यापर्यंत आलं तरी वर काम चालू राहिलं, त्यावर पण एक गिऱ्हाईक खूष झालं. अशी ती कंपनी वाढली. टेबलं वाढली, पोरं वाढली, एक एसीची खोली झाली, तिच्यात इंटरनेटच्या पेट्या लुकलुकत बसल्या. गोडाऊनमध्ये आधी फक्त कांद्याचा वास यायचा, आता कांद्याचा आणि कॉफीचा यायला लागला.

मी ह्यात कसा आलो? डोळे गेले, म्हणजे गाडी चालवण्यापुरते गेले. घरी बसलो. घरी बसून मी बायकोला स्वयंपाक शिकवायला लागलो. महिनाभर तिनं ऐकलं आणि मग सूनबायला सांगितलं, "ह्यांना घेऊन जा गो तुझ्या ऑफिसात. नायतर मी कुडपणला माहेरी जाते ती परत येत नाय." सूनबायला पण दारावर माणूस पायजे होता. तिनं मला एक निळा शर्ट, एक खुर्ची आणि गळ्यात एक कार्ड दिलं. जाताना मी तिच्या स्कूटीवर मागं बसायचो. ज्या माणसानं दहा चाकं घाटात वळवली तो सुनेच्या मागं मांडी आवळून बसलेला बघून नाक्यावरचे ड्रायव्हर हात जोडायचे. एकजण तर ओरडला, "मास्तर, ब्रेक मारा!"

माझं काम सोपं होतं. कार्ड असेल त्याला सोडायचं, नसेल त्याला नाय. पण माणूस आला की आपण कार्ड बघतो काय? आपण माणूस बघतो. "या. कुठले तुम्ही? कुणाचे? आजोळ कुठलं?" एवढं विचारलं की आमच्या ह्या दोन तालुक्यांत शंभरातल्या नव्वदांशी नातं निघतं. नातं निघालं की पाणी द्यावं लागतं. पाणी दिलं की बसवावं लागतं. आणि आलेल्या माणसाला जिन्याखाली कांद्याच्या गोणीवर कोण बसवतो? मी वर नेऊन बसवायचो. सूनबाय किती वेळा बोलली, "बाबा, हे ऑफिस आहे, आपलं घर नाही." मी बोलायचो, "होय." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कारण दारात आलेल्याला 'कोण तू' विचारून परत पाठवायचं हे मला जमतच नाय. तोंडच वळत नाय तसं.

मग ते मोठं गिऱ्हाईक आलं. परदेशातली विम्याची कंपनी. एवढं मोठं की सूनबाय त्याच्याबद्दल बोलताना आवाज बारीक करायची. त्यांची अट अशी की करार करायच्या आधी ते तुमचं सगळं तपासणार. सॉफ्टवेअर तपासणार, पोरं तपासणार, दार पण तपासणार. कधी, कसं, ते सांगणार नाय.

त्या दिवशी जेवताना सूनबायनं ताटाकडं बघत सांगितलं, "बाबा, एक गोष्ट आहे. पुण्याचे जे आपल्यात पैसे लावणारे आहेत ना, ते म्हणतात, ह्या तपासणीत नापास झालात तर ऑफिस पुण्याला हलवा. गोडाऊनमधून कंपनी चालवायची हौस पुरे झाली म्हणतात."

"म्हणजे तू पुण्याला?" बायकोनं विचारलं.

"सगळेच. ही पण. शाळा तिकडेच बघावी लागेल."

ही म्हणजे नात. ती तेव्हा माझ्या ताटातला मासा उचलत होती. तिचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. बायकोनं वाटी ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. सुनेकडं नाय, देवाकडं नाय, माझ्याकडं. जसं काय आताच मी नापास झालो.

मी बोललो, "दारावर मी हाय ना. चिंता करू नका."

"म्हणूनच चिंता," बायको बोलली.

त्यानंतर मी खरंच कडक झालो. आठवडाभर. भंगारवाल्याला सोडलं नाय, मोबाईलचं कव्हर विकणाऱ्याला सोडलं नाय. समोर चहाची टपरी हाय, तिथं बसणारे मला 'मेजरसाब' बोलायला लागले. आणि मग एका सकाळी एक तरणा माणूस आला. खांद्याला बॅग, तोंडावर घाम, पायात चप्पल. बूट असते तर मी सावध झालो असतो.

"नमस्कार काका. जरा काम होतं वर."

"कार्ड?"

"कार्ड नाही हो. आत्ताच गाडीतून उतरलो."

इथं थांबायचं. इथंच थांबायला पायजे होतं. पण माझ्या तोंडानं विचारलं, "कुठले तुम्ही?"

"मूळचे वाईकडचे."

"कुणाचे?"

त्यानं काहीतरी आडनाव सांगितलं, ते मला ओळखीचं वाटलं नाय. मग तो आपणहून बोलला, "पण माझं आजोळ इकडचं. कुडपणचं."

संपलं. कुडपण! मी खुर्चीवरून उठलोच. "अरे, कुडपणला कुणाकडं? वरच्या आळीत की खालच्या?"

"वरच्या."

"मग त्यांचं घर टाकीच्या बाजूला काय?"

"टाकीच्याच बाजूला."

"आणि म्हातारा लंगडायचा थोडा?"

"थोडा लंगडायचा," तो बोलला, आणि एवढं दुःखी तोंड केलं की माझेच डोळे भरून आले.

"मग तू आमच्या हिचा भाचा लागतोस की रे!"

बघा आता. त्यानं फक्त गावाचं नाव घेतलं. घर मी बांधून दिलं, टाकी मी बसवली, म्हातारा मी लंगडा केला, आणि वर त्याला भाचा पण मीच करून घेतला. त्यानं नुसती मान हलवली.

मग भाच्याला खाली कसं ठेवायचं? वर नेला. पाणी दिलं, चहा सांगितला. पोरांना ओळख करून दिली, "हा आमच्या हिचा भाचा." सूनबाय आणि शेठचा मुलगा दोघं त्या दिवशी बँकेत गेलेले. भाचा बोलला, "काका, गरम किती होतंय." मी त्याला एसीच्या खोलीत बसवला, पेट्यांजवळ. भाचा बोलला, "काका, मोबाईल उतरलाय, चार्जिंगला कुठं लावू?" मी बोललो, ह्या पेटीच्या मागं बघ, बटण असेल. तिथं अंधार होता. तर मी माझ्या मोबाईलची बॅटरी लावून त्याला उजेड दाखवत उभा राहिलो. तो पाठीमागं काय खुपसत होता ते मला दिसत नव्हतं, डोळे गेलेत ना माझे. उजेड मात्र मी छान धरला होता.

जाताना त्यानं माझ्या पाया पडून माझ्याबरोबर एक फोटो काढला. मी त्याला घरून आणलेली फणसपोळी दिली. बोललो, "मावशीला फोन कर रे." बोलला, "नक्की."

संध्याकाळी मी बायकोला सांगितलं, तुझा भाचा आलेला. ती बोलली, "कुठला?" मी सगळं सांगितलं. ती बोलली, "टाकीच्या बाजूच्या म्हाताऱ्याला मूलबाळच नव्हतं हो."

मला त्या रात्री जेवण गेलं नाय. तरी मी सुनेला काय बोललो नाय. म्हटलं, असेल लांबचा.

दोन दिवसांनी परदेशातून कागद आला. सूनबायनं सगळ्यांना बोलावलं आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तो लावला. सॉफ्टवेअर एकदम पास. पोरं पास. मग खालचं पान आलं आणि त्यावर मी. भाच्याच्या खांद्यावर हात टाकून दात काढलेले. पडद्यावर माझा एकेक दात जिन्यातून पण दिसत होता.

शेठच्या मुलानं इंग्रजीतलं वाचून मला मराठीत सांगितलं. "काका, ते लिहितात, दारावरचा माणूस प्रत्येकाला तीन प्रश्न विचारतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं की तो आत घेतो. हे, आणि त्याच्या बायकोचं माहेर कुडपण, हे आम्ही समोरच्या टपरीवर चहा पीत ऐकलं." मग तो थांबला. "पुढं लिहितात, उपकरण बसवताना दारावरच्या माणसानं उजेड धरला." आणि तो हसायला लागला. एवढा हसला की खुर्चीचा आधार घेतला. पोरं पण हसली. मग सूनबायकडं बघून सगळे गप्प झाले. तिला हसू येत नव्हतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मला फक्त बोलली, "फणसपोळी पण दिलीत?"

"तुला कसं कळलं?"

"तेही लिहिलंय. चव छान होती म्हणून."

पुण्याच्या माणसांशी ती तासभर फोनवर बोलली. दार लावून बोलली, पण गोडाऊनच्या दाराला काय अर्थ हाय? शेवटी एवढंच पदरात पडलं की विमावाले आणखी एकदा फक्त दार तपासायला येतील. ह्या महिन्यात कधीपण. तेवढ्यात जमलं तर जमलं. नायतर पुणं.

मी बोललो, मला काढ आणि दुसरा बसव. ती बोलली, "आता माणूस बदलला तर म्हणतील घाबरले. तुम्हीच बसा. पण बाबा, मी सांगते ते ऐका. कोणीही असू दे. माझे वडील असले तरी कार्डाशिवाय नाही."

ती आपलं सहज बोलून गेली. मी तेवढं एकच वाक्य डोक्यात घट्ट धरलं.

घरी नातीचं दप्तर दाराजवळ लटकलेलं असायचं. मी रोज निघताना त्याला हात लावून निघायचो. पुण्याला कसली शाळा असते कोण जाणे. तिथं आजोबा दप्तर धरून गेटवर उभे राहतात काय?

त्या महिन्यात मी माणसातनं उठलो. पोस्टमनला खालीच सही केली. पाण्याचे जार मी स्वतः वर वाहिले, जारवाल्याला सोडलं नाय. कंबर गेली. टपरीवाल्याला सांगितलं, माझ्याकडं बघून हात करू नको. आणि एक दिवस खुद्द शेठ आले. काठी टेकत, जिन्याशी.

"कार्ड?" मी विचारलं.

शेठनं आधी मागं बघितलं, कोणाला विचारतोय म्हणून. मग बोलले, "अरे ए, मला विचारतोस? गोडाऊन माझं. जिना माझा. तू माझा ड्रायव्हर!"

"होय शेठ. कार्ड?"

"मेरा लडका ऊपर बैठा है!"

"मग त्याला फोन करा. तो खाली येईल, सही करेल, मग मी सोडतो."

शेठ पाच मिनिटं उन्हात उभे राहिले आणि मला आयुष्यभरात दिल्या नसतील एवढ्या शिव्या त्यांनी तेवढ्यात दिल्या. त्यातल्या काही मी त्यांनाच शिकवलेल्या होत्या, घाटात.

आणि मग तो दिवस आला. दुपार होती. समोर रिक्षा थांबली आणि आमचे व्याही उतरले. सूनबायचे वडील. पाचाडला, गडाच्या पायथ्याला, त्यांची छोटी खानावळ हाय. लेकीसाठी म्हणून नवीन तांदळाची पिशवी आणि सुकटीची पुडी घेऊन आलेले. पांढरा सदरा, टोपी. त्यांच्या मागनं एक बाई उतरल्या. साधी साडी, हातात पर्स, वय असेल चाळिशीचं.

"राम राम व्याही!" ते लांबूनच ओरडले. "ऊन काय हो तुमच्या महाडला. चला, वर चला. लेकीला बघतो आणि निघतो."

"राम राम. ह्या कोण?"

"ह्या होय? अहो, स्टँडवरनं एकाच रिक्षात बसलो. बोलता बोलता नातं निघालं! ह्यांची मावशी आमच्या पाचाडला दिलेली. म्हणजे माझी चुलत मेहुणीच लागतात की. ह्यांना पण वर काम हाय, कसली मुलाखत. घ्या आत. माझी जबाबदारी."

माझ्या डोळ्यांसमोर टाकी आली, लंगडा म्हातारा आला.

"व्याहीबुवा, ह्यांना नाय सोडता येणार. कार्ड पायजे."

"अहो, मी बोलतोय ना!"

"तुमचं बोलणं बरोबर हाय. पण कार्ड पायजे."

व्याह्यांचं तोंड जरा बदललं. चारचौघांत मेहुणीसमोर त्यांचा शब्द पडला होता. टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. "बरं," ते बोलले. "त्या थांबतील. मी तर जाऊ?"

बघा, तेव्हा मी काय करायला पायजे होतं? मुलीच्या बापाला. ज्यांनी आपली पोर आमच्या घरात दिली त्यांना. लग्नात मी ह्या माणसाच्या गळ्यात पडून भेट घेतलेली हाय. मी खुर्ची पुढं सरकवली. "बसा. मी तिला फोन करतो. ती खाली येईल."

"मी माझ्या लेकीला भेटायला दारात बसू?"

"व्याहीबुवा, तिनंच सांगितलंय. वडील असले तरी नाय म्हणून."

हे मी बोलायला नको होतं. दुसरं काय पण बोलायला पायजे होतं. त्यांनी तांदळाची पिशवी खुर्चीवर ठेवली, माझी खुर्ची, आणि तिच्यावर सुकटीची पुडी नीट ठेवली. "तिला द्या," बोलले. "आणि सांगा, बापाकडं कार्ड नव्हतं." आणि मागं न बघता स्टँडच्या रस्त्याला लागले. चालत. त्या उन्हात.

मी फोन लावला. सूनबाय मीटिंगमध्ये, उचलेना. व्याही कोपऱ्यावर पोचले. मला काय सुचलं काय माहीत, मी धावलो. कंबर गेलेली, चप्पल तुटलेली, "व्याहीबुवा! अहो व्याहीबुवा!" करत पूर्ण बाजारातनं. स्टँडवर गाठलं. हात जोडले. ते गाडीत बसलेले, खिडकीतनं बोलले, "ड्यूटी सोडून आलात काय? जा जा. लेकीचं दार उघडं टाकून आलात."

दार!

मी तसाच उलटा धावलो. अर्ध्या वाटेत मला घाम फुटला तो उन्हाचा नव्हता. ती बाई! ती बाई तिथंच उभी होती आणि दार सताड उघडं. झालं, म्हटलं, गेलं पुण्याला सगळं. ह्या खेपेला तर मी उजेड धरायला पण तिथं नव्हतो.

पोचलो तर काय, तांदळाची पिशवी मांडीवर घेऊन ती बाई माझ्या खुर्चीवर बसलेली. समोर जारवाला उभा, आणि ती त्याला विचारतेय, "तुमचं कार्ड?"

मला बघून तिनं पर्समधनं आपलं कार्ड काढलं. विमावाल्यांकडून आलेली. तपासायला. चुलत मेहुणी!

"काका," ती बोलली, "तुम्ही मला सोडलं नाहीत. तुमच्या व्याह्यांनी शब्द टाकला तरी सोडलं नाहीत. मी मनात पास लिहिलं. आणि मग तुम्ही दार उघडं टाकून पळालात. आता मी काय लिहू?"

मला धाप लागलेली. मी बोललो, "बाय, जे झालं ते लिहा. फक्त एक सांगा. तुमची मावशी खरंच पाचाडला दिलीय?"

"नाही हो," ती बोलली. "ते त्यांनीच ठरवलं."

तिनं जे झालं तेच लिहिलं. दाराची पद्धत पास. दारावरचा माणूस बदलावा. एवढी एक अट. सूनबायनं ते वाचलं आणि पहिल्यांदा हसली, मग रडली, मग बापाला फोन लावला. त्यांनी उचलला नाय.

करार झाला. ऑफिस महाडलाच राहिलं. शेठनं बाजूचं गोडाऊन पण दिलं, सूनबायनं घेतलं ते ट्रकच्या रिव्हर्सची धून बदलायच्या अटीवर, आणि आता तिथं पण टेबलं लागलीत. दारावर एजन्सीचा पोरगा असतो, तो कोणाचं आजोळ विचारत नाय. नात पोलादपूरच्याच शाळेत जाते आणि तिचं दप्तर मी धरतो. मला काढून टाकल्यामुळं मला वेळच वेळ हाय. बायकोला मी पुन्हा स्वयंपाक शिकवतोय.

राहिले व्याही. त्यांनी खानावळीत येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगितली. गडावर जाणारे लोक भाकरी खाता खाता ऐकून गेले. पोलादपूरच्या नाक्यापर्यंत ती माझ्या आधी पोचली. शेवटी एका रविवारी आम्ही सगळे पाचाडला गेलो, त्यांची समजूत काढायला. सूनबाय पुढं, बायको, मुलगा, नात. सगळे आत गेले. मी शेवटी. व्याही दारात आडवे उभे.

"कार्ड?"

मी खिशात हात घातला. जुनं कार्ड अजून खिशात होतं, ऑफिसच्या दारावर बसवलेलं मशीन ते घेत नाय आता. दिलं. त्यांनी ते उन्हात धरून निरखलं, फोटो बघितला, मला बघितलं.

"हा तुम्ही नाय," ते बोलले. "ह्यातला माणूस जरा शहाणा दिसतोय."

"व्याहीबुवा, लेकीनं तुमच्या..."

"लेकीशी माझं कधीचंच मिटलं. फोनवर. तुमचं बोला. आजोळ कुठलं?"

आतनं हसण्याचा आवाज आला. सूनबायचा पण. मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो. बोललो, "बसतो इथंच. पद्धत पास हाय तुमची."

ते आत गेले आणि दार लोटून घेतलं. बराच वेळ कोणी आलं नाय. मग तेच आले, दोन ताटं घेऊन. एक माझ्या मांडीवर दिलं आणि दुसरं घेऊन बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. तांदळाची भाकरी, सुकट. आम्ही दोघं रस्त्याकडं तोंड करून जेवलो. जेवून झाल्यावर त्यांनी माझं कार्ड आपल्या सदऱ्याच्या खिशात घातलं आणि बोलले, "हे माझ्याकडं राहू दे. पुढच्या वेळी मला लागेल."

ते कार्ड चालत नाय, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाय.